उभ्या घळीचा बेत

ता. ३ एप्रिल १९२२

येणार! प्रोफेसर खांबेटे स्वतः येणार! मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्याच्या कॉलेजातली सात पोरं घेऊन. कसाऱ्याला आगगाडीतून उतरणार, पुढची सगळी व्यवस्था माझ्याकडे. पत्राच्या शेवटी लिहिलंय— "तुझी घळ तू सांगतोस तशी निघाली, तर प्रिन्सिपॉलसाहेबांशी मी बोलेन. जूनपासून पुन्हा वर्गात बसायला लाग."

'निघाली, तर'! तर कसला? मी काय थापा मारतो?

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढी माणसं म्हणजे पीठ किती दळावं लागेल रे जयराम?" बाबा जव्हार दरबारच्या जंगलनाक्यावर निघाले होते. टोपी डोक्यावर ठेवून उंबऱ्यात वळले. "ह्या खेपेला कोणाचं डोकं फोडू नकोस म्हणजे मिळवलं."

डोकं नव्हतं फोडलं. नाक फोडलं होतं. गद्र्याचं. भूगर्भशास्त्राच्या तासाला मी उभा राहून सांगितलं— आमच्या जव्हारकडे एक घळ आहे, कड्यावरून धोंडा टाकला तर खालून आवाज यायच्या आत पानाला चुना लावून होतो. वर्ग हसला. हसला तर हसला! पण गद्रे म्हणाला, "सर, ह्यांच्याकडे माणसांनाही शेपट्या असतात." आणि माफी मागायची कोणी? मी! त्याच संध्याकाळी ट्रंक भरली आणि टर्म अर्धी टाकून घरी आलो.

गद्रेही येतोय. ये बाबा. ये.

ता. ४ एप्रिल

'पुन्हा वर्गात बस' ह्याचा अर्थ प्रोफेसरांना काय ठाऊक! त्याचा अर्थ चंद्रकला.

इथे उघड लिहितो. घळीपलीकडच्या पोशेऱ्याच्या रघु मास्तरांची चंद्रकला. गेल्या वर्षी सोयरीक ठरल्यातच जमा होती. मी कॉलेज सोडलं आणि मास्तरांचा निरोप आला— "अर्ध्यावर सोडणाऱ्याला मी मुलगी देत नाही." आता शहापूरच्या कचेरीतला कोणी कारकून तिला बघून गेलाय. त्याला पुढचे केस नाहीत. हे सुकरीनं सांगितलं. सुकरी चं.ची मैत्रीण, पोशेऱ्याच्या पाड्यावरची. कैऱ्या-करवंदं घेऊन नदी ओलांडायच्या उतारावरून आमच्या काठाला विकायला येते. बातमी वर घालते, जसं कोणी मूठभर करवंदं वर घालावीत.

म्हणजे सरळ आहे सगळं. घळ दाखवायची. कॉलेजात परत जायचं. मास्तरांना बोलायला जागा उरत नाही. चं. माझी.

ता. ७ एप्रिल

आज आमच्या काठावरून घळ पुन्हा नीट पाहिली. लहानपणापासून पाहतोय, पण आज प्रोफेसरांच्या डोळ्यांनी पाहिली.

होळी होऊन गेली की इथे ओलावा नावाला राहत नाही. नदी म्हणजे नुसती दगडधोंड्यांची वाट. दोन्ही अंगांना काळा कातळ उभाच्या उभा, थरावर थर, जणू कोणी नागलीच्या भाकऱ्या रचून ठेवल्यात. वर एक पान हिरवं नाही. हात ठेवला तर चटका! वाकून पाहिलं की अगदी तळाला एक हिरवट टिकली दिसते, तो डोह. उतरायची वाट मात्र एकच, आणि ती पोशेऱ्याच्या बाजूनं.

अलीकडचा काठ दरबारचा, पलीकडचा इंग्रजाचा. मधली घळ कोणाची म्हणून कोणी विचारलं असतं, तर आज मी सांगितलं असतं— माझी!

मुंबईच्या एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं. अमेरिकेत वाळवंटात अशीच एक घळ आहे, मैलभर खोल. तिथल्या सरकारनं कायदा करून ती साऱ्या जनतेला पाहण्यासाठी राखून ठेवली आहे. कोणी तोडायचं नाही, फोडायचं नाही, विकत घ्यायचं नाही. लांबलांबून माणसं बघायला येतात. आमची घळ मैलभर खोल नाही, मान्य. पण प्रोफेसरांनी एकदा पुण्यात लिहिलं, की दरबारला अर्ज करायला मी मोकळा. 'जव्हार संस्थानची राखीव घळ'! आणि तिची माहिती सांगणारा पहिला माणूस कोण?

ता. १० एप्रिल

पोशेऱ्याला गेलो. मंडळींना उतरायला शाळा हवी, आणि शाळेची किल्ली रघु मास्तरांकडे. वाटेत चारदा परत फिरावंसं वाटलं. नाही फिरलो.

मास्तर ओटीवर अडकित्ता घेऊन बसले होते. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "सुट्टी आहे. शाळा रिकामीच आहे. शाळा मागायला आलास, शाळा देतो. दुसरं काही मागू नकोस."

आत कोणीतरी हसलं! चं.च. भांडं पडल्याचं सोंग केलं, पण आधी हसू, मग भांडं. मी कान विकलेले नाहीत.

ता. १४ एप्रिल

खोडाळ्याचा बाजार. गूळ, चहा, तूरडाळ सांगून ठेवली. कसाऱ्याहून आणायला तीन दमण्या ठरवल्या. बैल नीट पाहून ठरवले, एकाच्या खुराला जखम होती तो बदलून घेतला. पुण्याच्या माणसाला वाटेत खोळंबा झाला असं व्हायला नको.

कासाराच्या पालापाशी चं. आणि सुकरी. बांगड्या भरून घेत होत्या. मी शेजारच्या दुकानात दोऱ्या बघायला लागलो— घळीत लागतीलच. सुकरी मोठ्यानं म्हणाली, "दादा, एवढी दोरी? कोणाला बांधायचं हाय?" कासारही हसला. मग मी सरळ अमेरिकेचं सांगितलं. सुकरीला सांगितलं, म्हणजे चं.ला ऐकू जाईल असं. घळ कशी राखून ठेवतात, लोक कसे येतात.

चं. बांगडीकडे बघत म्हणाली, "सुकरे, विचार की त्यांना. तिथं पाणी भरायला कोण जात होतं? त्यांच्यासाठीपण राखलीय का?"

मासिकात ते नव्हतं. मी म्हणालो, "तिथे नळ असतील."

"वाळवंटात?"

पालाखाली काळोखी होती तरी तिच्या कपाळावरचा घाम दिसत होता. घरी येईपर्यंत तोच दिसत होता.

ता. १५ एप्रिल

'वाळवंटात?'— किती सरळ विचारलं! हिला कॉलेजात पाठवलं तर प्रोफेसरांना पळता भुई थोडी होईल.

ता. १९ एप्रिल

लाडक्या आणि फागू ह्या दोघा भावांना वाट साफ करायला घेतलंय. पाड्यावरचेच, घळीत उतरणारे. आज तिघं निघालो. वरच्या टप्प्यात रांजणासारखे खळगे आहेत, पाण्यानं घोटलेले. ते मोकळे केले. पुढे घळ अरुंद होते आणि तिथून डोहाकडे वाट उतरते. तिथे वाटेत आडवी हिरवी फांदी. मी उचलायला वाकलो.

लाडक्या ओरडला, "दादा! हात लावू नका!"

ही रीत ऐकून ठाऊक होती, पण आमच्या काठाला डोहाची वाटच नाही, म्हणून कधी आडवी आली नव्हती. उन्हाळ्यात वरच्या विहिरी आटल्या की पोशेऱ्याकडच्या बाया, मास्तरांच्या घरच्यासुद्धा, डोहाशी उतरतात. वाळूत झिरे उकरायचे, पाणी भरायचं, धुणं, अंघोळ. उतरताना तोंडावर हिरवी फांदी टाकायची. ती आहे तोवर पुरुषानं पुढे पाऊल टाकायचं नाही. शेवटची बाई वर येताना फांदी उचलून बाजूला फेकते.

मी म्हणालो, "किती वेळ?" फागू म्हणाला, "फांदीला काय घड्याळ हाय?" दोघांनी विड्या काढल्या. मी तापलो, फेऱ्या मारल्या, आरडाओरडा केला. मग बसलो. उपाय काय?

प्रोफेसर उतरतील त्या दिवशी असं झालं तर माझा सगळा बेत पाण्यात!

ता. २३ एप्रिल

मिटवलं! बुधीआजी ही पाड्यावरची सगळ्यांत जुनी बाई, झिऱ्यांवरची भांडणं तीच तोडते. तिच्याकडे गेलो. तिच्या अंगणात पसरलेल्या मोहाच्या फुलांवर माझा पाय पडला, त्याबद्दल आधी शिव्या खाल्ल्या. मग ठरलं. चार मेला, मंडळी उतरतील त्या दिवशी, बाया अगदी सकाळी पाणी भरून वर येतील, दिवसभर कोणी उतरणार नाही. बदल्यात लाडक्या-फागूंकडून दोन झिरे खोल करून दगडांनी बांधून द्यायचे. मी तर स्वतः धोंडे वाहीन!

उठताना म्हणाली, "पण दादा, येक हाय. कोणाला अडचण आली, नि फांदी पडली, तर फांदी ती फांदी. मंग तुजा परपेसर असो का लाटसाहेब."

मी म्हणालो, "आजी, माझा शब्द."

बेत असा आखावा! परवानगी दोन्ही काठांची, गाड्या, शाळा, शिधा, आणि आता डोहही. कॉलेजात एवढं कोणी शिकवत नाही.

ता. २७ एप्रिल

दिवसभर धोंडे वाहिले. हाताला फोड. सुकरी डोक्यावर हंडा घेऊन उभी राहिली नि म्हणाली, "शहापूरवाले परत येऊन गेले. जेठात लगीन उरकायचं म्हणतात." नि गेली.

दुप्पट धोंडे वाहिले.

ता. १ मे

झिरे झाले. पाणी कसं निवळशंख! शाळा सारवली. माझ्या हातानं नव्हे, चं.नं आणि तिच्या आईनं. मी पोहोचलो तेव्हा जमीन अजून ओली होती. दारापाशी हाताच्या बोटांची नक्षी उमटलेली होती, ती कोणाची ते मी ओळखलं. तिथे पाय न ठेवता खिडकीतून सामान आत टाकलं. मास्तर बघत होते. बघू देत.

ता. ३ मे

आले. दमण्या वेळेवर. प्रोफेसरांनी गाडीतून उतरताच हातोडीनं वाटेतला दगड फोडला आणि हुंगला! गद्र्याचं नाक किंचित वाकडं दिसतं. तो म्हणाला, "काय जयराम, शेपूट कुठे ठेवलंस?" पोरं हसली. मी नुसता चहा पुढे केला. बाबा हे बघायला हवे होते!

प्रोफेसर मास्तरांना म्हणाले, "व्यवस्था उत्तम ठेवलीय पोरानं." मास्तर म्हणाले, "उद्याचा दिवस जाऊ दे."

ता. ४ मे

आज जे झालं ते सगळं लिहितो.

वरचा टप्पा असा झाला की काय सांगावं! प्रोफेसर खळग्यांत उतरून लहान पोरासारखे गोल फिरले. थरांना हात लावून सांगत राहिले, कोणता आधीचा, कोणता नंतरचा, मधे किती काळ गेला असेल. म्हणाले, "जयराम, तू कमीच सांगितलं होतंस." गद्र्याकडे पाहिलं. वहीत तोंड खुपसून लिहीत होता! त्या घटकेला मला कोणी जव्हारची गादी दिली असती तर मी म्हटलं असतं, राहू दे, ह्याहून मोठं आहे माझ्याकडे.

मग अरुंद तोंडाशी आलो. आणि वाटेत फांदी.

करंजाची. ताजी. पानं तुकतुकीत.

लाडक्या आणि फागू लगेच खाली बसले. मी सरांना रीत सांगितली. गद्रे म्हणाला, "पण तूच म्हणालास आज कोणी नसेल." खरं होतं. मी हाका मारल्या. वर कोणी येईना, खालून उत्तरही नाही. थांबलो. कातळ तापत होता, पोरांचं पाणी संपत आलं. सर वारंवार घड्याळ बघत होते. शेवटी म्हणाले, "हे बघ, थरांची सुरुवात तळाशीच दिसणार. वर पाहिलं त्यासारखं घाटात कुठेही सापडेल. मी एवढ्या लांब आलो तो तळासाठी. बाया बाजूला होतील, आपण खाली मान घालून जाऊ."

"नाही सर."

"नाही म्हणजे?"

"फांदी आहे, सर."

गद्रे हसला. "झाडाची फांदी बघून अडतात! शेपट्या उगाच नाही म्हणालो." आणि त्यानं पाय उचलला.

माझी मूठ वळली होती. हे इथेच लिहितो, दुसरीकडे कबूल करणार नाही— मी मारणारच होतो. पण मारामारी झाली असती तर त्या धुमाळीत बाकीचे पुढे गेले असते. मी फांदीच्या अलीकडे वाटेत आडवा पडलो. म्हणालो, "जायचं तर माझ्या अंगावरून जा."

कोणी गेलं नाही. सरांनी हातोडी पिशवीत टाकली. "चला परत."

शाळेत आल्यावर एवढंच म्हणाले, "तू अर्धी घळ दाखवलीस, जयराम. प्रिन्सिपॉलसाहेबांना मी अर्धं काय सांगू?" मास्तर दारात उभे होते. सगळं ऐकलं.

कॉलेज गेलं. म्हणजे बाकीचंही गेलं. पण मान खाली घालून घरी आलो नाही. शब्द दिला होता, तो ठेवला. माझ्या घळीत माझ्या देखत कोणी फांदी ओलांडली नाही!

ता. ५ मे

गेले. जाताना गद्र्यानं हात पुढे केला. मी घेतला नाही. मग घेतला.

ता. ६ मे

बुधीआजीकडे गेलो, भांडायलाच. "तुम्ही शब्द मोडलात! धोंडे वाहून घेतलेत आणि ऐन वेळेला फांदी टाकलीत!"

ती सूप खाली ठेवून उभी राहिली. "कोणी टाकली? आमची येकपण बाय उतरली नाय त्या दिशी. मी सगळ्या घरांत सांगून आले होते. पोरं आजारी असली तरी नाय उतरल्या!"

"मग फांदी?"

तिनं आजूबाजूच्या बायांना बोलावलं. कोणालाच ठाऊक नाही. म्हातारी पेटली. "खोटी फांदी? उद्या खऱ्या फांदीला कोण इचारील मंग? जिनं टाकली तिला वरीसभर झिऱ्यावर हंडा टेकू देणार नाय मी!"

मी माफी मागितली. आयुष्यातली पहिली, असं आई म्हणाली.

पण मग टाकली कोणी?

ता. ९ मे

खोडाळ्याच्या बाजारात मास्तर समोरून आले. मी वाट सोडून बाजूला झालो, तर ते थांबले.

"रामराम, जयराम."

आधी त्यांनी केला! भर बाजारात! मला 'रामराम' म्हणायचं सुचेपर्यंत ते चार दुकानं पुढे गेले होते. मग वळून म्हणाले, "पोशेऱ्यात तुझ्याच गोष्टी चालू आहेत. बाया म्हणतात, पोरानं हट्टानं आमची अब्रू राखली." आणि चालता चालता— "शहापूरला अजून कळवलेलं नाही मी."

गूळ आणायला गेलो होतो. विसरून आलो. आई विचारते, हसतोस काय वेड्यासारखा?

ता. ११ मे

फांदी चं.नं टाकली होती.

खाली कोणी नव्हतं! नदीच्या उतारावर आज तिनंच सांगितलं, सुकरीला पुढे पाठवून. मी तोंड उघडलं तर म्हणाली, "प्रोफेसर खूश झाले असते तर जूनमध्ये तुम्ही पुण्याला. दोन वर्षं तरी. बाबा तोवर थांबले असते? जेठात मी शहापूरला. एवढं कळत नाही नि बेत आखता! फांदी राखणाऱ्याला बाबा अर्ध्यावर सोडणारा म्हणणार नाहीत, हे मला ठाऊक होतं."

"आणि मी फांदी ओलांडली असती तर?"

"तर गेले असते मी शहापूरला."

मी म्हणालो, बुधीआजीला कळलं तर? म्हणाली, "उद्या मीच सांगणार आहे. वर्षभर पाणी देणार नाही ना? तुमच्या काठाला विहीर आहे की."

मास्तर दुपारपर्यंत घरी आहेत. निघालो.